जेलीफिन मीडिया सर्व्हर: घरातील कोणत्या उपकरणाला प्रवेश द्यावा आणि तो कसा द्यावा

जुन्या लॅपटॉपवर किंवा लहानशा मिनी पीसीवर मीडिया सर्व्हर बसवून त्यावर लग्ना-बारशाच्या चित्रफिती, मुलांची कार्टून, आजीची कीर्तने आणि घरातील सर्वांची छायाचित्रे एकत्र ठेवली, की पहिले काही दिवस ती एका जागी मिळतात याचेच समाधान असते. प्रवेशाचा प्रश्न नंतर येतो. ऐरोलीतील किंवा घोडबंदर रस्त्यावरील दोन बेडरूमच्या फ्लॅटचा विचार केला तरी दिवाणखान्यातला टीव्ही, आई-वडिलांचे फोन, मुलीचा टॅबलेट, कार्यालयाचा लॅपटॉप, गणपतीत आलेल्या भाच्याचा फोन आणि कपाटात पडून असलेला जुना फोन एवढी उपकरणे सहज भरतात. यांपैकी प्रत्येकाला सगळे दिसावे असे कोणत्याही घराला वाटत नसते. हा लेख जेलीफिन या मुक्त आणि विनामूल्य सर्व्हरसाठी आहे. एम्बी या सर्व्हरने आपला प्रोग्राम बंदिस्त केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या जुन्या मुक्त आवृत्तीपासून जेलीफिनची वेगळी शाखा निघाली. त्यामुळे एम्बी वापरणाऱ्यांनाही पुढील बऱ्याचशा गोष्टी ओळखीच्या वाटतील.

एक क्रम सुरुवातीलाच मनात पक्का करावा: परवानगी आधी माणसाच्या खात्याला, मग त्या खात्याच्या लायब्ररीला, म्हणजे त्याला दिसणाऱ्या चित्रपट-गाण्यांच्या संग्रहाला, आणि सर्वांत शेवटी उपकरणाला. नवखे वापरकर्ते बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात, म्हणजे सगळे घर एकाच खात्याने लॉगिन करते आणि नंतर नको त्या उपकरणांवर बंदी घालण्याचा प्रयत्न होतो. सोसायटीच्या गेटवरील नोंदवही आणि फ्लॅटच्या दाराचे कुलूप यांत जेवढा फरक असतो, तेवढाच फरक उपकरणाच्या परवानगीत आणि खात्याच्या पासवर्डमध्ये आहे. नोंदवही उपयोगी असते, पण तिच्या भरवशावर कोणी दार उघडे टाकत नाही.

पूर्वतयारी: घरातील जाळे

सर्व्हरला राउटरमधून कायमचा पत्ता नेमून द्यावा. बहुतेक राउटरमध्ये डीएचसीपी या विभागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ अशी सोय असते. तेथे सर्व्हरच्या संगणकाची नोंद केली की पावसाळ्यात वीज गेली आणि राउटर पुन्हा सुरू झाला तरी पत्ता बदलत नाही. हे न केल्यास टीव्हीवरील अ‍ॅपला एके दिवशी सर्व्हर सापडत नाही आणि आपण परवानग्यांमध्ये चूक शोधत बसतो. पत्ता कायम झाल्यावर घरातील कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, त्यानंतर अपूर्णविराम (:) आणि ८०९६ हा पोर्ट क्रमांक टाकला की जेलीफिनचे पान उघडते.

पाहुण्यांसाठी राउटरमधील गेस्ट वाय-फाय चालू करावे. भिंतीला भिंत लागलेल्या इमारतींमध्ये शेजाऱ्यांपर्यंत आपला सिग्नल पोहोचतोच, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला मुख्य वाय-फायचा पासवर्ड देण्याची आपल्याकडे सवय आहे. गेस्ट वाय-फायवरील फोनला इंटरनेट मिळते, पण घरातील इतर उपकरणे सहसा दिसत नाहीत, त्यामुळे सर्व्हरच्या दारापर्यंत येण्याचा प्रश्नच उरत नाही. आपला स्वतःचा टीव्ही मात्र चुकून गेस्ट वाय-फायवर जोडलेला नाही ना, हे पाहावे, कारण तसे असल्यास त्यालाही सर्व्हर सापडणार नाही.

राउटरमध्ये मॅक पत्त्यांची, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या वाय-फाय ओळखक्रमांकांची, यादी करून फोन अडवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्यावर विसंबू नये. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला आपला मूळ मॅक पत्ता न सांगता बनावट, बदललेला पत्ता सांगतात. त्यामुळे यादीतला फोन पुढे वेगळ्याच पत्त्याने येऊ शकतो.

खाती: व्यवस्थापकाचे वेगळे, प्रत्येकाचे स्वतंत्र

जेलीफिन बसवताना पहिले खाते तयार होते ते व्यवस्थापकाचे, म्हणजे अ‍ॅडमिनचे असते. हे खाते रोजच्या पाहण्यासाठी वापरू नये आणि टीव्हीवर तर त्याने कधीच लॉगिन करू नये. याला दोन कारणे आहेत. टीव्ही घरातील कोणाच्याही हाती असतो, आणि तेथे व्यवस्थापकाचे खाते उघडे राहिले तर रिमोट हाती असलेल्या प्रत्येकाला सगळी लायब्ररी खुली होते. दुसरे कारण या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेले आहे: उपकरणांवरील निर्बंध व्यवस्थापकाच्या खात्याला लागूच होत नाहीत. ज्या खात्याला सर्व्हर चालवण्याचा अधिकार आहे, ते कोणत्याही उपकरणावरून आत येऊ शकते. म्हणून त्याचा पासवर्ड लांब ठेवावा आणि घरातल्या एकाच प्रौढ व्यक्तीकडे, फार तर दोघांकडे असावा.

आता व्यवस्थापकाच्या खात्याने ब्राउझरमधून आत जाऊन डॅशबोर्ड उघडावा आणि ‘युजर्स’ या विभागात प्रत्येकाचे खाते तयार करावे. आई, बाबा, आजी, मुलगी अशी खाती असावीतच. शिवाय ‘दिवाणखाना’ नावाचे एक सामाईक खाते टीव्हीसाठी करावे, असे मी आग्रहाने सांगेन. सर्व्हरला उपकरण ओळखता येते, पण त्या उपकरणासमोर कोण बसले आहे हे कळत नाही. बाबांच्या खात्याला टीव्हीची परवानगी दिली आणि ते लॉगिन तसेच राहिले, तर दुपारी शाळेतून आलेल्या मुलीला बाबांचे सगळे दिसणार. सामाईक टीव्हीवर सामाईक खाते आणि त्या खात्याला घरातील सर्वांत लहान व्यक्तीने पाहिले तरी चालेल एवढीच सामग्री, हा नियम पाळला की निम्मी काळजी मिटते.

प्रत्येक खात्याला पासवर्ड द्यावा, आजीच्या खात्यालाही. जेलीफिन रिकामा पासवर्ड चालवून घेते आणि तेथेच मेख आहे, कारण लॉगिनच्या पडद्यावर खात्यांची नावे दिसतात आणि बिनपासवर्डच्या नावावर बोट ठेवले की दार उघडते. खात्याच्या प्रोफाइलमध्ये ते नाव लॉगिनच्या पडद्यावरून लपवण्याचा पर्याय आहे; व्यवस्थापकाच्या खात्यासाठी तो जरूर वापरावा.

लायब्ररी

खाते उघडून ‘अ‍ॅक्सेस’ या भागात गेल्यावर वरच्या बाजूला सर्व लायब्ररींना प्रवेश देणारी खूण असते. ती काढली की खाली एकेका लायब्ररीचे नाव दिसते आणि हव्या तेवढ्याच निवडता येतात. यासाठी मुळात लायब्ररी वेगवेगळ्या केलेल्या असल्या पाहिजेत: मुलांचे चित्रपट, मोठ्यांचे चित्रपट, घरगुती चित्रफिती, कीर्तने व गाणी असे स्वतंत्र फोल्डर आणि प्रत्येकाची स्वतंत्र लायब्ररी.

चित्रपटाच्या प्रमाणपत्रानुसार अडवण्याची सोयही आहे, पण मराठी सामग्रीच्या बाबतीत ती अपुरी पडते. आपल्याकडे सेन्सॉर मंडळाच्या २०२४ च्या नियमांपासून यूए प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत, मात्र सर्व्हर इंटरनेटवरून जी माहिती आणतो तिच्यात बऱ्याच मराठी चित्रपटांच्या प्रमाणपत्राचा रकाना रिकामा असतो, आणि घरगुती चित्रफितींना तर प्रमाणपत्र नसतेच. प्रमाणपत्र नसलेले सगळे अडवावे तर मुलांचे चांगले चित्रपटही अडतात. न अडवावे तर नको ते दिसते. स्वतंत्र लायब्ररी करण्याचे कष्ट एकदाच पडतात आणि ती व्यवस्था टिकते.

उपकरणांना परवानगी

खात्याच्या त्याच ‘अ‍ॅक्सेस’ भागात खाली ‘डिव्हाइस अ‍ॅक्सेस’ असा मथळा आहे आणि त्याखाली सर्व उपकरणांवरून प्रवेश देणारी एक खूण आधीपासून केलेली असते. ती लगेच काढण्याचा मोह टाळावा. उपकरणांच्या यादीत फक्त तीच उपकरणे दिसतात जी सर्व्हरवर एकदा तरी लॉगिन करून आलेली आहेत. आधीच दार बंद केले तर नवे उपकरण आत येऊ शकत नाही, आत न आल्यामुळे यादीत दिसत नाही आणि यादीत नसल्यामुळे त्याला परवानगी देता येत नाही. म्हणून पुढील क्रम पाळावा.

प्रथम सर्व खूणा जशाच्या तशा ठेवून प्रत्येक व्यक्तीने आपापल्या खात्याने, आपापल्या उपकरणावरील जेलीफिन अ‍ॅपमधून एकदा लॉगिन करावे. टीव्हीवर ‘दिवाणखाना’, आजीच्या फोनवर आजीचे खाते, टॅबलेटवर मुलीचे. व्यवस्थापकाच्या खात्याने सगळीकडे एकदा लॉगिन करून नोंदी उरकून घेण्याचा सोपा वाटणारा मार्ग येथे फसतो, कारण अँड्रॉइड टीव्हीच्या अ‍ॅपसारखी काही अ‍ॅप एकाच उपकरणाची प्रत्येक खात्यासाठी वेगळी ओळख तयार करतात. तुम्ही परवानगी द्याल ती एका नोंदीला आणि आजी येईल ती दुसऱ्याच नोंदीने.

त्यानंतर व्यवस्थापकाच्या खात्याने डॅशबोर्डमधील ‘डिव्हायसेस’ विभाग उघडावा. येथे प्रत्येक उपकरणाचे नाव, त्यावरील अ‍ॅप, शेवटी कोणत्या खात्याने वापरले आणि केव्हा वापरले हे दिसते. कंपनीने दिलेल्या नावांवरून कोणता फोन कोणाचा हे कळत नाही. एकाच मॉडेलचे दोन फोन घरात असले तर आणखी गोंधळ होतो. नोंद संपादित करून तिला आपले नाव देण्याची सोय आहे. ‘आजी – फोन’, ‘दिवाणखाना – टीव्ही’, ‘मुलगी – टॅबलेट’ अशी माणूस आणि उपकरण दोन्ही सांगणारी नावे द्यावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि तरीही सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण सहा महिन्यांनी यादी उघडाल तेव्हा कोणती नोंद घरातली आणि कोणती परकी हे केवळ या नावांवरूनच ओळखता येईल.

मग एकेका खात्याकडे परत यावे, ‘डिव्हाइस अ‍ॅक्सेस’ खालील सर्व उपकरणांची खूण काढावी, खाली उघडलेल्या यादीतून त्या खात्याची उपकरणे निवडावीत आणि पान सोडण्यापूर्वी बदल जतन करावेत. सुरुवात मुलीच्या खात्यापासून करावी. तिच्या खात्याला फक्त टॅबलेट दिला, की तिचा पासवर्ड मैत्रिणीला कळला तरी मैत्रिणीच्या फोनवरील अ‍ॅपमधून त्या खात्याने आत येता येणार नाही. मोठ्यांच्या खात्यांना असा निर्बंध घालायलाच हवा असे नाही. जे खाते वारंवार नवनव्या उपकरणांवरून वापरले जाते तेथे त्याचा त्रासच अधिक होतो.

शेवटी तपासणी करावी. परवानगी दिलेल्या उपकरणावर चित्रफीत चालते का हे पाहावे, आणि परवानगी न दिलेल्या फोनवर अ‍ॅप टाकून त्याच खात्याने लॉगिन होत नाही याचीही खात्री करावी. ही दुसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत.

या सोयीच्या मर्यादा

सर्व्हरच्या त्याच पानावर एक सूचना लिहिलेली असते आणि ती घाईत वाचायची राहून जाते: हा निर्बंध फक्त ज्यांची ओळख निश्चित पटते अशा उपकरणांना लागू होतो आणि ब्राउझरमधून होणारा प्रवेश त्याने थांबत नाही. ब्राउझरची ओळख त्याच्या साठवलेल्या माहितीत असते, ती पुसली की तोच ब्राउझर नवा म्हणून येतो. मुलीचा पासवर्ड माहीत असलेली व्यक्ती घरच्या वाय-फायवर असेल आणि तिने अ‍ॅपऐवजी क्रोम उघडले, तर उपकरणांच्या यादीने ती अडेल असे गृहीत धरू नये. शिवाय अ‍ॅप आपली ओळख स्वतःच सर्व्हरला सांगते आणि सर्व्हर तिच्यावर विश्वास ठेवतो. म्हणूनच पासवर्ड आणि लायब्ररी यांच्यावर वर इतका भर दिला आहे. उपकरणाचा निर्बंध फसला तरी मुलीच्या खात्याने येणाऱ्याला मुलीची लायब्ररीच दिसली पाहिजे.

याच ओळखीमुळे आणखी एक गोष्ट घडते. फोन फॅक्टरी रीसेट केला, किंवा काही अ‍ॅपच्या बाबतीत अ‍ॅप काढून पुन्हा टाकले, तर तोच फोन सर्व्हरला नवा वाटतो आणि परवानगी असूनही लॉगिन नाकारले जाते. अशा वेळी किंवा खरोखरच नवा फोन आणल्यावर त्या खात्याची सर्व उपकरणांची खूण काही मिनिटांसाठी पुन्हा करावी, लॉगिन करून घ्यावे, नव्या नोंदीला नाव द्यावे, खूण काढून नवी नोंद निवडावी आणि जुनी नोंद यादीतून काढून टाकावी.

जुना फोन विकताना किंवा कार्यालयाचा लॅपटॉप परत करताना ‘डिव्हायसेस’ विभागातून त्याची नोंद काढणे आवश्यक आहे. नोंद काढली की त्या उपकरणाकडे असलेले लॉगिनचे टोकन रद्द होते आणि ते बाहेर फेकले जाते. परंतु नोंद काढणे म्हणजे बंदी घालणे नव्हे. खात्याला सर्व उपकरणे खुली असतील आणि पासवर्ड तोच असेल, तर तेच उपकरण पुन्हा लॉगिन करून यादीत परत येते. हरवलेल्या फोनच्या बाबतीत म्हणून नोंद काढणे आणि पासवर्ड बदलणे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत करावीत.

क्विक कनेक्टचा कोड

रिमोटने टीव्हीवर लांब पासवर्ड टाकणे जिकिरीचे असते, आणि त्याला कंटाळूनच लोक पासवर्ड सोपे करतात. त्यापेक्षा क्विक कनेक्ट वापरावे. टीव्हीवरील अ‍ॅप सहा अंकी कोड दाखवते, तो आपल्या फोनवर आधीच लॉगिन असलेल्या जेलीफिनमधील वैयक्तिक सेटिंग्जच्या क्विक कनेक्ट या पानावर टाकला की टीव्हीवर तेच खाते उघडते. म्हणजे टीव्हीवर ‘दिवाणखाना’ हवे असेल तर फोनवरही कोड टाकताना ‘दिवाणखाना’ खातेच उघडे असले पाहिजे. घरातील सर्वांना एवढे बजावून ठेवावे, की दुसऱ्या कोणी फोनवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगितलेला कोड कधीही टाकू नये; तो टाकणे म्हणजे त्या अनोळखी उपकरणाला आपल्या खात्याने आत घेणे होय.

डीएलएनए

डीएलएनए म्हणजे टीव्हीला जेलीफिनच्या अॅपशिवाय घरातील जाळ्यावरून थेट सर्व्हरवरची सामग्री चालवू देणारी सोय. जेलीफिनच्या १०.९ आवृत्तीपासून ती वेगळे प्लगइन, म्हणजे नंतर जोडायचा भाग, झाली आहे. ते मुद्दाम बसवले नसेल तर काहीच करावे लागत नाही. जेलीफिनची आवृत्ती जुनी असल्यास तिच्यातील डीएलएनए बंद करावे. डीएलएनएने येणाऱ्या टीव्हीला पासवर्ड विचारला जात नाही, त्यामुळे वरील सगळी व्यवस्था त्या एका वाटेने निष्फळ ठरते.

घराबाहेरून

मुलगा पुण्याला वसतिगृहात असेल, किंवा ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून घरची गाणी ऐकायची असतील, तर सर्व्हर घराबाहेरून उघडण्याची गरज भासते. राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा, म्हणजे इंटरनेटवरून थेट सर्व्हरपर्यंत वाट मोकळी करण्याचा, सल्ला नवख्यांनी स्वीकारू नये. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर तो चालतही नाही, कारण सेवा पुरवणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटते. राउटरच्या स्थितीदर्शक पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमची जोडणी अशीच आहे असे समजावे.

टेलस्केलसारखे खासगी जाळे अशा जोडणीवरही चालते आणि त्यात फक्त तुम्ही जोडलेली उपकरणेच असतात, त्यामुळे उपकरणांवरचे नियंत्रण सर्व्हरच्या आधीच एक पायरी होते. येथे एक खाचखळगा आहे. प्रत्येक खात्याच्या प्रोफाइलमध्ये बाहेरून जोडण्याची परवानगी देणारी खूण असते. टेलस्केलवरील उपकरणांचे पत्तेही वर सांगितलेल्या पट्ट्यातलेच असतात, आणि तो पट्टा जेलीफिन आपणहून घरातील जाळे मानत नाही. त्यामुळे मुलाच्या खात्याची ती खूण काढलेली असेल तर टेलस्केल व्यवस्थित जोडलेले असूनही त्याला प्रवेश मिळणार नाही. उलट, आजीच्या, मुलीच्या आणि ‘दिवाणखाना’ या खात्यांची ती खूण काढूनच ठेवावी. त्यांना घराबाहेर सर्व्हर लागत नाही.

वेळेचे बंधन

‘पॅरेंटल कंट्रोल’ भागात वार आणि तास ठरवून खाते तेवढ्याच वेळात चालू ठेवता येते. हे तास सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे मोजले जातात. सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यात चालवणाऱ्या सोयीत, चालवत असाल आणि त्याला एशिया/कोलकाता हा कालविभाग दिलेला नसेल, तर त्याचे घड्याळ बहुधा ५ तास ३० मिनिटे मागे असते आणि संध्याकाळी ५ ते ७ ही मुभा प्रत्यक्षात रात्री साडेदहा ते साडेबारा अशी मिळते. त्यामुळे वेळ ठरवण्यापूर्वी कालविभाग तपासावा.

लॉगिन अडले तर

चुकीचा पासवर्ड किती वेळा टाकल्यावर खाते बंद व्हावे, हे प्रोफाइलमध्ये ठरवता येते. तेथे शून्य असेल तर साध्या खात्याला ३ आणि व्यवस्थापकाला ५ प्रयत्न मिळतात. उणे एक टाकल्यास ही मर्यादा राहत नाही. आजीने लागोपाठ चुकीचा पासवर्ड टाकल्यामुळे खाते बंद झाले असेल, तर नवीन खाते काढण्याची घाई करू नये, कारण तसे केल्यास उपकरणांच्या सगळ्या नोंदी पुन्हा कराव्या लागतात. व्यवस्थापकाच्या खात्याने आजीचे प्रोफाइल उघडावे आणि खाते निष्क्रिय असल्याची खूण काढावी, एवढे पुरते.

व्यवस्थापकाचाच पासवर्ड विसरला तर घरच्या वाय-फायवरून लॉगिनच्या पानावरील पासवर्ड विसरल्याचा पर्याय निवडावा. जेलीफिन सर्व्हरच्या डिस्कवर एक लहान फाइल तयार करते आणि तिच्यातील पिन टाकल्यावर पासवर्ड पुन्हा ठरवता येतो. याचाच दुसरा अर्थ असा, की ज्याला सर्व्हरच्या संगणकावर बसून फाइली उघडता येतात त्याला व्यवस्थापक होता येते. टीव्हीखाली ठेवलेल्या त्या जुन्या लॅपटॉपच्या स्वतःच्या लॉगिनलाही म्हणून पासवर्ड असावा आणि तो आपोआप उघडणारा नसावा.